कॅम बदलला, आता व्हॉल्व्ह स्प्रिंग कोणती घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंजिन दोन लिटरचे, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा, फुगवटे असलेला दांडा) थेट बकेट टॅपेटवर, म्हणजे व्हॉल्व्हवर पालथ्या बसवलेल्या वाटीवर, चालतो. मूळ कॅमची लिफ्ट, म्हणजे तो व्हॉल्व्ह किती उघडतो ते अंतर, १० मिमी होती, नव्याची ११ मिमी आहे. लिमिटर (इंजिनाचे फेरे मर्यादेत रोखणारी यंत्रणा) आजवर ६८०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ६८०० फेऱ्यांना, होता, तो ७८०० वर न्यायचा आहे, आणि वर्षभराने टर्बो बसवायचा विचार आहे. विक्रेता म्हणतो, सगळ्यात कडक डबल स्प्रिंगचा (एकात एक बसणाऱ्या दोन) सेट घेऊन टाका, पुढची काळजीच नको. घ्यावा का?

माझे उत्तर नाही असे आहे, निदान आज तरी नाही. स्प्रिंगची निवड कडकपणावरून होत नाही. कॅम कसा आहे, व्हॉल्व्हबरोबर हलणारे वजन किती आहे, इंजिन किती फिरवायचे आहे आणि हेडमध्ये (सिलिंडरवरच्या, व्हॉल्व्ह बसवलेल्या भागात) स्प्रिंगला उंची किती मिळते, या चार गोष्टींतून एक आकडा निघतो. तो आकडा भागवणारी सगळ्यात नरम स्प्रिंग घ्यायची. मी हेडचे काम करायला लागलो तेव्हा मलाही 'कडक म्हणजे चांगली' असेच वाटायचे. ते डोक्यातून जायला दोन-तीन कॅमशाफ्ट खर्ची पडले.

स्प्रिंग व्हॉल्व्ह बंद करते, हे सगळ्यांना माहीत असते. पण तिचे खरे कष्टाचे काम त्याच्या आधीचे आहे. कॅम व्हॉल्व्हला फक्त ढकलू शकतो, त्याला ओढता येत नाही. लोबचा, म्हणजे कॅमच्या फुगवट्याचा, चढ लागला की टॅपेट आणि व्हॉल्व्ह जोराने खाली फेकले जातात. अर्धी लिफ्ट होईपर्यंत त्यांना चांगलाच वेग आलेला असतो. पूर्ण लिफ्टला पोचेपर्यंत तो वेग शून्यावर आणायचा, मग उलट दिशेने पुन्हा वेग द्यायचा, हे सगळे एकटी स्प्रिंग करते. तिचा जोर कमी पडला तर टॅपेट लोबच्या टोकाशी संपर्क सोडतो, टोकावरून उडी मारतो आणि उताराच्या बाजूवर आपटतो. याला आपण फ्लोट म्हणतो. दुसरा प्रकार बाउन्सचा: व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे बंद होताना तो टेकतो त्या कड्यावर, बसतो, पण दाब कमी असल्याने पुन्हा उसळतो. सिलिंडरमध्ये भरलेली हवा परत मागे जाते, सीट ठोकली जाते, व्हॉल्व्हच्या डोक्याला बाक येतो. फ्लोट थांबवायला टोकावरचा, म्हणजे पूर्ण लिफ्टचा, दाब लागतो, बाउन्स थांबवायला सीटवरचा. कॅटलॉगमध्ये दोन वेगळे आकडे का देतात ते यावरून लक्षात येईल.

आता हिशेब. टॅपेटला लोबला चिकटवून ठेवायला लागणारा जोर आरपीएमच्या वर्गाने वाढतो. ६८०० वरून ७८०० म्हणजे फेरे १५ टक्क्यांनी वाढले, पण जोर लागतो ३२ टक्के जास्त. म्हणून 'फक्त हजार आरपीएम वाढवतोय' हे वाक्य ऐकले की मी सावध होतो.

कॅमचा भाग मात्र बहुतेक जण उलटा समजतात. लिफ्ट वाढली म्हणजे स्प्रिंगवरचा ताण वाढलाच, असे नसते. किती उचलायचे यापेक्षा किती वेळात उचलायचे हे महत्त्वाचे. ढोबळमानाने प्रवेग लिफ्टच्या प्रमाणात वाढतो आणि ड्युरेशनच्या, म्हणजे व्हॉल्व्ह जितके अंश उघडा राहतो त्याच्या, वर्गाने घटतो. समजा तुमच्या मूळ कॅमचे १ मिमी लिफ्टवर मोजलेले ड्युरेशन २२० अंश आहे आणि नव्याचे २४०. लिफ्टमुळे गुणक १.१० झाला, ड्युरेशनमुळे ०.८४. गुणाकार ०.९२. म्हणजे त्याच आरपीएमला हा मोठा कॅम जुन्यापेक्षा किंचित सौम्य आहे! उलट ड्युरेशन तेवढेच ठेवून लिफ्ट वाढवलेला, 'रस्त्यावर चालवायला छान' म्हणून विकला जाणारा कॅम स्प्रिंगचा जास्त छळ करतो. कॅम कार्डावरचा ड्युरेशनचा आकडा कोणत्या लिफ्टवर मोजला आहे ते आधी बघा. एक ०.१ मिमीवर आणि दुसरा १ मिमीवर मोजलेला असेल तर तुलनेला काही अर्थ नाही.

दोन्ही गोष्टी एकत्र करू. ०.९२ गुणिले १.३२ म्हणजे १.२२. मूळ स्प्रिंग पूर्ण लिफ्टला जेवढा दाब देत होती त्याच्या साधारण २२ टक्के जास्त दाब तुम्हाला हवा. कारखान्याने ६८०० साठी जी राखीव ठेवली होती ती या हिशेबात आपोआप तेवढ्याच प्रमाणात पुढे येते. ही रीत शाळकरी आहे, कबूल आहे. कॅम बनवणाऱ्याकडे प्रत्येक अंशाचा लिफ्टचा तक्ता असतो आणि त्याने दिलेला दाब माझ्या गुणाकारापेक्षा केव्हाही भरवशाचा. एक बारकावा त्या तक्त्यातच दिसतो: सगळ्यात अवघड क्षण नेहमी पूर्ण लिफ्टलाच येतो असे नाही. काही कॅममध्ये तो त्याच्या आधी-नंतर येतो, जेव्हा स्प्रिंग पुरती दबलेलीही नसते. अशा वेळी टोकावरचा दाब भरपूर असूनही सीटचा दाब कमी म्हणून टॅपेट सुटतो.

आता तुमच्या हेडसाठी आकडे धरून बघू. समजा मूळ स्प्रिंग मोकळी ४६ मिमी आहे, हेडमध्ये ३६ मिमी उंचीवर बसते आणि तिचा रेट ३ किलो प्रति मिमी आहे. बसवताना ती १० मिमी दबली, म्हणजे सीटवर ३० किलो. १० मिमी लिफ्टला ६० किलो. आपल्याला हवे ६० गुणिले १.२२, म्हणजे ७३ किलो, तेही ११ मिमी लिफ्टला. मूळ स्प्रिंग तिथे ६३ किलोच देईल. खाली १ मिमीचा शिम (पातळ चकती) टाकला तरी ६६. शिमवर भागवायचा विचार इथेच सोडून द्या. ३.५ किलो प्रति मिमी रेटची, ३६ मिमीवर ३६ ते ३७ किलो देणारी स्प्रिंग घेतली तर ११ मिमीला सुमारे ७५ किलो मिळतात. तुमच्या कामाला हीच पुरते. विक्रेता दाखवतोय तसले डबल सेट सीटवर ४५ आणि टोकावर १०० किलोच्या पुढे सहज जातात. ते कुणाच्या तरी साडेनऊ हजार फिरणाऱ्या इंजिनासाठी बनवलेले असतात.

कॅटलॉगमध्ये आकडे बहुतेक वेळा पाउंड आणि इंचांत असतात. ५६ पाउंड प्रति इंच म्हणजे १ किलो प्रति मिमी, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

तुम्ही म्हणाल, जास्त दाबाने बिघडते काय? आधी एक गैरसमज काढून टाकू. कडक स्प्रिंग 'ताकद खाते' हे अर्धेच खरे आहे. व्हॉल्व्ह उघडताना घेतलेली बरीचशी ऊर्जा बंद होताना ती कॅमला परत देते, वाया जाते ती घर्षणात. खरे नुकसान झिजेचे. आणि यातली गंमत अशी की लोबच्या टोकावर सगळ्यात जास्त भार आयडलला असतो. इंजिन जोरात फिरते तेव्हा टॅपेटचे जडत्व स्प्रिंगच्या विरुद्ध काम करते आणि टोकावरचा भार हलका होतो. सिग्नलला उभे असताना ती मदत नसते आणि तेलही जेमतेम असते. रस्त्यावरच्या गाडीचे निम्मे आयुष्य तिथेच जाते. म्हणूनच नवा कॅम सुरुवातीला आयडलवर न ठेवता २००० आरपीएमच्या आसपास वीसेक मिनिटे फिरवतात, आणि सपाट टॅपेटच्या पुशरॉड इंजिनांत (ज्यांत कॅम खाली असतो आणि मधल्या दांड्यांनी व्हॉल्व्ह हलवतो) डबल स्प्रिंग असेल तर त्या वेळेपुरती आतली स्प्रिंग काढून ठेवतात. जादा दाबाचा बोजा टाइमिंग बेल्ट, टेन्शनर आणि व्हेरिएबल टाइमिंगच्या यंत्रणेवरही पडतो. हायड्रॉलिक टॅपेट असतील तर ते दबून तेल सोडतात आणि लिफ्टच कमी मिळते. मोठ्या कॅमचे पैसे मोजून लहान कॅम चालवल्यासारखे.

आता सगळ्यात महत्त्वाच्या भागाकडे येतो: उंची. स्प्रिंगचा कोणताही आकडा 'किती उंचीवर' हे सांगितल्याशिवाय निरर्थक आहे. बसवलेली उंची म्हणजे हेडमधल्या स्प्रिंगच्या बैठकीपासून रिटेनरच्या, म्हणजे स्प्रिंगला वरून धरणाऱ्या टोपीच्या, खालच्या बाजूपर्यंतचे अंतर, व्हॉल्व्ह बंद असताना. ती कॅटलॉगमधून घ्यायची नसते, आपल्या हेडवर मोजायची असते, सोळाच्या सोळा जागी. सीट कटिंग झाले की व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो. अर्धा मिमी सीट कापली तर उंची अर्ध्या मिमीने वाढली, आणि ३.५ रेटच्या स्प्रिंगवर पावणेदोन किलो दाब गेला. नवे रिटेनर, रिटेनरला व्हॉल्व्हच्या दांड्यावर अडकवणारे नवे लॉक, नवे व्हॉल्व्ह, कशानेही हा आकडा हलतो. रिटेनर आणि दोन्ही लॉक स्प्रिंगशिवाय बसवा, व्हॉल्व्ह वर ओढून धरा आणि मोजा. उंची मोजायचा मायक्रोमीटर मिळाला तर उत्तम, नाहीतर चांगला डिजिटल व्हर्नियर आणि संयम. सोळा जागांतला फरक पाव मिमीच्या आत आणा. त्यासाठी ०.४, ०.७५ अशा जाडीचे शिम मिळतात. शिमने उंची कमीच करता येते, वाढवता येत नाही, म्हणून सगळ्यात कमी उंचीची जागा शोधून बाकीच्या तिच्याशी जुळवायच्या.

पुढचा प्रश्न कॉइल बाइंडचा, म्हणजे पूर्ण लिफ्टला वेटोळी एकमेकांना टेकतात का. वर निवडलेली स्प्रिंग समजा २३.५ मिमीला पूर्ण बंद होते. ३६ उणे ११ म्हणजे २५. दीड मिमी अंतर उरले. रस्त्यावरच्या गाडीला मी एवढेच ठेवतो. याहून फार कमी केले तर लिमिटर ओलांडल्यावर स्प्रिंग ठोस लोखंड बनते आणि मग लोब, टॅपेट किंवा लॉक यांतले काहीतरी सुटते. पण पाच-सहा मिमी मोकळे ठेवणे हीसुद्धा सुरक्षितता नाही. त्या मोकळ्या जागेत मधली वेटोळी स्वतःच नाचायला लागतात. नॅसकारच्या (अमेरिकेतल्या मोटार शर्यतींच्या) इंजिनांत तर मुद्दाम बाइंडच्या अगदी जवळ जातात, कारण एकमेकांजवळ आलेली वेटोळी कंपन मोडून काढतात. ते आपल्यासाठी नाही, तिथे स्प्रिंगा शर्यतीमागून शर्यत बदलतात. डबल स्प्रिंग असेल तर आतली आणि बाहेरची वेगवेगळी तपासा. रिटेनरच्या पायरीमुळे दोघींना मिळणारी उंची वेगळी असते आणि आतली आधी बाइंड होते, असे मी कितीदा तरी पाहिले आहे.

आणि तिसरे अंतर, जे लोक विसरतात. मीही विसरलो होतो. रिटेनरचा खालचा भाग आणि व्हॉल्व्ह गाइडवरचा (व्हॉल्व्हचा दांडा सरकतो त्या नळीवरचा) ऑइल सील यांत पूर्ण लिफ्टला किती जागा उरते? एका इंजिनात मी बाइंडचे अंतर दोनदा तपासले, दाब जुळवले, सगळे वहीत लिहिले, आणि नवे सील जुन्यांपेक्षा उंच आहेत हे बघितलेच नाही. इंजिन सुरू झाले, सुरेख चालले, आणि तिसऱ्या दिवसापासून निळा धूर. हेड उघडले तर रिटेनरने सगळ्या इनटेक सीलांच्या टोप्या ठेचलेल्या. चूक पूर्णपणे माझी. तेव्हापासून सील बसवूनच मोजतो आणि दीड मिमीपेक्षा कमी जागा चालवून घेत नाही. हेड उघडेच आहे तर पिस्टन आणि व्हॉल्व्हमधले अंतरही बघा. इनटेकला २ मिमी, एक्झॉस्टला अडीच मिमी हे नेहमीचे किमान. ते पूर्ण लिफ्टला नव्हे, टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागेच्या) आसपास दहा-पंधरा अंशांत सगळ्यात कमी होते.

सरळ जाड तारेची स्प्रिंग का बनवत नाहीत, असा प्रश्न मला एका शिकाऊ पोराने विचारला होता. चांगला प्रश्न आहे. रेट तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. ३.८ मिमीची तार ४ मिमी केली की रेट २३ टक्क्यांनी वाढला. पण सहा वेटोळी असतील तर बंद उंचीही १.२ मिमीने वाढली, म्हणजे दीडमधले जवळजवळ सगळे अंतर गेले, आणि स्प्रिंगचे वजन ११ टक्के वाढले. हे वजन स्प्रिंगला स्वतःलाच उचलायचे असते. म्हणून चांगल्या स्प्रिंगचे कौशल्य जाडीत नसते, तारेच्या प्रतीत असते. आत मळाचा कण नसलेली क्रोम-सिलिकॉन पोलादाची तार, वरून शॉट पीनिंग (बारीक गोळ्यांचा मारा), काहींवर नायट्रायडिंग (नायट्रोजनने पृष्ठभाग कठीण करणे). शॉट पीनिंगने पृष्ठभाग आधीच दाबलेल्या अवस्थेत राहतो, त्यामुळे तडा सुरू व्हायला उशीर लागतो. ८००० आरपीएमला स्प्रिंग मिनिटाला ४००० वेळा दबते, तासाला २ लाख ४० हजार वेळा. एवढ्या फेऱ्यांत नखाएवढा ओरखडाही लपून राहत नाही.

स्प्रिंगच्या नाचण्याबद्दल थोडे अधिक सांगतो. प्रत्येक स्प्रिंगची स्वतःची एक कंपनसंख्या असते. रेट आणि वजन माहीत असले की ती काढता येते: रेट भागिले वजन, त्याचे वर्गमूळ, त्याचे निम्मे. आपली ३.५ किलो रेटची स्प्रिंग म्हणजे मीटरला सुमारे ३४,३०० न्यूटन. हलणाऱ्या वेटोळ्यांचे वजन ४५ ग्रॅम धरले तर सेकंदाला ४३६ कंपने, मिनिटाला सुमारे २६,२००. कॅम इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्याच्या वेगाचा पूर्णांकपट गुणक या आकड्यावर आला की स्प्रिंगमध्ये लाटा उठतात. सातवा गुणक जुळतो इंजिनाच्या ७४८० आरपीएमच्या आसपास, म्हणजे ऐन तुमच्या कामाच्या पट्ट्यात. त्या लाटेत काही क्षण दाब कागदावरच्या आकड्याहून बराच खाली जातो. तोच रेट ठेवून वेटोळ्यांचे वजन ३६ ग्रॅमवर आणले तर सातवा गुणक ८३६० च्या पुढे जातो, लिमिटरच्या बाहेर. आठवा मग पट्ट्यात येतो खरा, पण गुणक जितका वरचा तितका त्याचा जोर साधारणपणे कमी.

बीहाइव्ह म्हणजे वर निमुळत्या होत गेलेल्या स्प्रिंगांचे महत्त्व इथे आहे. वरची वेटोळी लहान म्हणून हलकी, रिटेनर लहान म्हणून तोही हलका, आणि प्रत्येक वेटोळ्याचा व्यास वेगळा असल्याने सगळी एका सुरात नाचत नाहीत. बऱ्याचदा तार अंडाकृती छेदाची असते, त्यामुळे बंद उंचीही कमी होते. जनरल मोटर्सच्या एलएस इंजिनांत कारखान्यातूनच अशा स्प्रिंगा येत होत्या, तेव्हा हा काही फक्त शर्यतवाल्यांचा चोचला नाही. डबल स्प्रिंगचे गणित वेगळे. आतली आणि बाहेरची विरुद्ध दिशेने वळलेल्या असतात, म्हणजे वेटोळी एकमेकींत अडकत नाहीत. त्या एकमेकींवर थोड्या घासतात आणि त्या घर्षणाने लाट मरते, पण उष्णता तयार होते आणि ती तेलानेच जाते. डबलचा खरा फायदा मला वाटतो तो हा: बाहेरची तुटली तर आतली व्हॉल्व्हला पिस्टनवर पडण्यापासून वाचवू शकते. तुमच्या लिफ्टला आणि आरपीएमला मी सिंगल बीहाइव्ह आधी शोधेन. तुमच्या हेडसाठी ती मिळत नसेल तर सौम्य डबल.

स्प्रिंगचे हे दुखणे मोटारीइतकेच जुने आहे. मर्सिडीजने १९५४ च्या डब्ल्यू १९६ मध्ये व्हॉल्व्ह बंद करायलाही वेगळा लोब दिला, डुकाटीच्या मोटारसायकलींनी तीच वाट धरली, आणि रेनोने १९८६ मध्ये फॉर्म्युला वनच्या इंजिनात पोलादी स्प्रिंग काढून दाबाखालचा वायू वापरला. पण त्याने घाबरू नका. होंडाच्या १९९९ च्या एस२००० ची लाल रेघ ९००० ला होती आणि त्यात साध्या पोलादी स्प्रिंगाच होत्या.

टायटॅनियमच्या रिटेनरबद्दल विचारले आहे. बकेटच्या इंजिनात फार अपेक्षा ठेवू नका. व्हॉल्व्ह ४५ ग्रॅम, बकेट ४५, रिटेनर १२, लॉक २, आणि स्प्रिंगच्या वजनाचा एक तृतीयांश म्हणजे १५. एकूण ११९ ग्रॅम. टायटॅनियमने ५ ग्रॅम वाचले तर आरपीएममध्ये फायदा दीडशे-पावणेदोनशेचा. पुशरॉड इंजिनात व्हॉल्व्हच्या बाजूच्या वजनाला जास्त किंमत असते, तिथे गोष्ट वेगळी. शिवाय टायटॅनियम झिजते, ते मधूनमधून काढून बघावे लागते. रोजच्या गाडीला चांगले पोलादी रिटेनर पुरतात. मात्र रिटेनर, लॉक आणि स्प्रिंग एकाच संचातले घ्या. लॉकचा उतार ७ अंश, ८ अंश, १० अंश असा वेगवेगळा असतो. न जुळणारी जोडी बसल्यासारखी दिसते आणि एक दिवस व्हॉल्व्ह सोडून देते.

टर्बोचे सांगतो. लोक म्हणतात, बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, इनटेक व्हॉल्व्हला मागून ढकलतो म्हणून सीटचा दाब वाढवा. ३४ मिमीच्या व्हॉल्व्हचे क्षेत्रफळ ९ चौरस सेंमी, १ बार बूस्टला साधारण ९ किलो. म्हणजे ३७ मधले २८ उरले. हा हिशेब सगळ्यात वाईट परिस्थितीचा आहे, कारण व्हॉल्व्ह बसतो त्या क्षणी सिलिंडरमध्येही जवळजवळ तेवढाच दाब असतो. मला जास्त काळजी एक्झॉस्टची वाटते. लहान टर्बोत एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधला (इंजिनातून निघालेला गॅस नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब बूस्टच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतो. इनटेकच्या स्ट्रोकमध्ये सिलिंडरला १ बार आणि बाहेर २ बार असेल तर २९ मिमीच्या व्हॉल्व्हवर साडेसहा किलोचा निव्वळ ढकलता जोर येतो, आणि गरम गॅस परत आत शिरायला बघतो. म्हणून टर्बो ठरला की सीटवर सहा ते नऊ किलो वाढवायचा विचार करा, म्हणजे ४३ ते ४५ च्या आसपास. पण टर्बोवाले बहुतेक जण कॅमही बदलतात आणि आरपीएम खाली आणतात. म्हणून म्हणतो, आज टर्बोसाठीची स्प्रिंग घेऊ नका. तेव्हा कोणता कॅम असेल ते तुम्हालाच माहीत नाही.

माल हातात आला की प्रत्येक स्प्रिंग टेस्टरवर घाला, बसवायच्या उंचीला आणि पूर्ण लिफ्टच्या उंचीला. डब्यावरचा आकडा हा अंदाज समजा. एखादी इतरांपेक्षा दहा टक्क्यांनी वेगळी निघाली तर परत करा. पक्कडीने धरू नका, लोखंडी हत्याराने खरवडू नका, तेल लावून ठेवा. माझ्याकडे आलेली एक तुटलेली स्प्रिंग बरोबर व्हाइसच्या जबड्याच्या खुणेवर तुटली होती. गंजाचा ठिपकाही तेच करतो. ॲल्युमिनियमच्या हेडवर स्प्रिंगखाली पोलादी बैठक हवीच, आणि स्प्रिंग तिच्यावर इकडेतिकडे सरकता कामा नये. सरकली की हेड कुरतडते.

पहिल्यांदा इंजिन सुरू केल्यावर मध्यम आरपीएमला गरम होऊ द्या, मग बंद करून पूर्ण थंड होऊ द्या. या पहिल्या उष्णतेत स्प्रिंग थोडा दाब सोडते, तो सोडूनच मग तिला पळवायचे. काही महिन्यांनी दाब पुन्हा मोजा. पाच टक्के गेले तर ठीक, दहाच्या पुढे गेले तर बदला.

डायनोवर (इंजिनाची ताकद मोजायच्या यंत्रावर) ताकद वरच्या आरपीएमला कोसळली तर लगेच स्प्रिंगला दोष देऊ नका. दुखणे म्हशीला आणि औषध पखालीला असे फार होते. कॅम किंवा पोर्ट अपुरे पडत असतील तर रेघ गोलाईने खाली येते. फ्लोट असेल तर ठरावीक आरपीएमनंतर ती करवतीसारखी दातेरी होते. पण प्लगची ठिणगी तुटत असली तरी अशीच दिसते, म्हणून आधी प्लगचे अंतर कमी करून एकदा चालवा. फरक पडला नाही तर, बाइंडला जागा असेल तेवढ्यापुरता अर्ध्या मिमीचा शिम टाका. दाते वरच्या आरपीएमकडे सरकले की स्प्रिंगच दोषी.

आणि लिमिटरवर फार विसंबू नका. तो पेट्रोल किंवा ठिणगी तोडतो. चौथ्याऐवजी दुसरा गियर पडला तर चाके इंजिनाला ओढतात, तिथे त्याचे काही चालत नाही. तसे एकदा जरी झाले तरी हेड उघडून रिटेनर आणि लॉक बघायचेच, गाडी कितीही छान चालत असली तरी.

ऑर्डर देण्याआधी मला एवढे मोजून कळवा: सोळा जागांची बसवलेली उंची, नव्या कॅमचे १ मिमीवरचे ड्युरेशन, सील बसवून रिटेनरखालची जागा, आणि जुन्या स्प्रिंगचा ३६ आणि २६ मिमीवरचा दाब. वर मी धरलेले आकडे तुमच्या हेडचे नाहीत. तुमचे आकडे आले की हाच हिशेब पुन्हा करू.